सत्तावन्न अक्षरं

मध्य रेल्वेत मी मोटरमन होतो. २०१८ साली निवृत्त झालो. लोकलच्या कॅबमध्ये मोटरमन एकटा असतो, गार्ड पार मागच्या टोकाला. समोरचा सिग्नल लाल आहे, पिवळा आहे, डबल पिवळा आहे की हिरवा, हे त्या क्षणी त्या एकट्याच्या डोळ्यांवर असतं. म्हणून आमच्याकडे डोळ्यांची तपासणी फार कडक. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी मेडिकल, मग दर दोन वर्षांनी, पंचावन्न ओलांडली की दरवर्षी. निवृत्त झालो आणि मेडिकलचं बोलावणं थांबलं. डायबेटिस मात्र तेव्हाच बारा वर्षांचा जुना होता. आपणहून डोळे तपासून घ्यायला हवेत, हे मला सुचलं नाही. दिसत होतं ना सगळं.

२०२१च्या दिवाळीआधी भांडुपच्या घरी गॅलरीच्या ग्रिलला रंग देत होतो. उजव्या डोळ्यात रंगाचा शिंतोडा उडाला म्हणून तो मिटून घेतला, तर डाव्या डोळ्याला समोरची उभी सळई मधेच वाकलेली दिसली. हात फिरवून पाहिला, सळई सरळ होती. डोळा धुऊन आलो, उजव्याने पाहिलं, सरळ. डाव्याने पाहिलं, वाकडी, आणि मधोमध एक पुसट डाग. असं किती महिने चाललं होतं देव जाणे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, आपल्याला पत्ताच लागत नाही. घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्याला आजच एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा.

ही म्हणाली, "अहो, रंग राहू दे, आधी डॉक्टरकडे जा." स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू नाही. पडद्याला सूज आहे. पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लांबवू नका."

पडदा हा शब्द ऐकला आणि मला दादा आठवला. माझा थोरला भाऊ, चिपळूणला असायचा. त्यालाही डायबेटिस होता. दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा तो दोन वर्षं चष्म्याचा नंबर बदलत राहिला. १९९६ साली मी त्याला मुंबईत आणलं तेव्हा आत रक्तस्राव होऊन गेला होता. लेझर केलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, याने आहे ते टिकवायचा प्रयत्न होतो, गेलेलं सहसा परत येत नाही. शेवटची नऊ वर्षं दादा मला आवाजावरून ओळखायचा.

माझी तपासणी मध्य मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात झाली. पहिल्याच दिवशी ओसीटी केलं. यंत्रावर हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, डोळ्याला काही लागत नाही, काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद पडद्याला हातही न लावता समोर येतो. थरावर थर दिसतात. माझ्या डाव्या डोळ्यात मधोमध, जिथे खोलगट बशीसारखा खड्डा असायला हवा, तिथे टेंगूळ होतं आणि त्यात पाण्याचे काळे कप्पे. मधली जाडी ४३८ मायक्रॉन. निरोगी डोळ्यात ती साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपास असते. रोगाचं नाव डायबेटिक मॅक्युलर इडिमा. मॅक्युला म्हणजे पीतबिंदू, पडद्याचा मधला भाग. अक्षरं वाचायची, चेहरे ओळखायचे ते त्यानेच.

पडद्याच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. साखरेमुळे बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पडद्याला प्राणवायू कमी पडतो, मग तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतो आणि त्याने वाहिन्या आणखी पाझरतात. त्या प्रथिनाला अडवणारं औषध थेट डोळ्यात टोचायचं. आधी त्यांनी नेहमीचा उपचार नीट सांगितला. निवृत्त रेल्वेवाला असल्यामुळे तो मला रेल्वेच्या हॉस्पिटलमार्फतही मिळाला असता. त्यानंतर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. जुन्या औषधाशी नव्या औषधाची तुलना आहे. नव्याचा परिणाम जास्त आठवडे टिकतो का, म्हणजे कमी वेळा टोचून भागतं का, ते पाहायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा उपचार आजच ठरवते."

मी विचारलं, जुनं चांगलं आहे हे तरी कसं ठरलं? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनात बसलं. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अमेरिकन अभ्यासाचा निकाल छापून आला. याच आजाराचे ६६० रुग्ण, तीन औषधं: ॲफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब. त्यातलं बेव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याचे छोटे डोस करून वापरतात, म्हणून ते कितीतरी स्वस्त. ज्यांची नजर सुरुवातीला थोडीच कमी झाली होती त्यांच्यात तिन्ही औषधांचा गुण सारखाच आला. ज्यांची जास्त गेली होती त्यांना पहिल्या वर्षी ॲफ्लिबरसेप्टने जास्त फायदा झाला. "आज समोर पेशंट बसला की कुणाला स्वस्त औषध पुरेल आणि कुणासाठी महागडं मागायचं, हे मला त्या ६६० जणांमुळे कळतं," असं मॅडम म्हणाल्या.

दादाच्या वेळचं लेझरही असंच सिद्ध झालं होतं, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मोठ्या अभ्यासांत. कुणीतरी अनोळखी माणसं महिनोन्‌महिने खुर्चीत बसून अक्षरं वाचत राहिली, म्हणून दादाचं जे थोडंफार वाचलं ते वाचलं. घरी येईपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं.

संमतिपत्रक चोवीस पानांचं, मराठीत. घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला, असं सांगून दिलं. मुलीने तीन रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. एक गोष्ट मी ठासून सांगतो: हे मराठी बोलीतलं असायला हवं. 'यादृच्छिकीकरण' या शब्दापाशी आम्ही तिघं अडलो. अभ्यासाचं काम बघणाऱ्या समन्वयक मुलीने नंतर एका वाक्यात सांगितलं, "काका, कुणाला कुठलं औषध ते ठरवायला चिठ्ठ्या टाकतात तसं, फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर उचलतो." हेच वाक्य छापलं असतं तर काय बिघडलं असतं? कागदावर ज्याची सही घ्यायची, त्याला तो कागद दुसऱ्याच्या मदतीशिवाय कळलाच पाहिजे.

पत्रकात शॅम इंजेक्शन असा एक प्रकार होता. ज्या महिन्यात औषध द्यायचं नसेल त्या महिन्यातही तयारी सगळी तीच करायची आणि शेवटी सुई नसलेली सिरिंज नुसती डोळ्यावर दाबायची, म्हणजे कुणाला किती वेळा औषध मिळतंय हे रुग्णाला कळू नये. ही अस्वस्थ झाली. "म्हणजे फसवणार तुम्हाला?" मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे प्रश्न लिहिले. शॅममुळे माझा उपचार हुकेल का? नजर घसरली तर? इजा झाली तर खर्च कुणाचा? मधेच सोडायचं ठरवलं तर?

मॅडमनी अर्धा तास दिला. सुरुवातीचे महिने सगळ्यांनाच औषध मिळणार. शॅम फक्त वेळापत्रकात डोस नसेल त्या दिवशी. नजर ठरावीक प्रमाणाबाहेर घसरली तर वेळापत्रक बाजूला ठेवून उपचार. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, हे औषधांच्या चाचण्यांच्या २०१९च्या सरकारी नियमांत लिहिलेलं आहे. आणि सोडायला कारणही द्यावं लागत नाही. रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी एक आचारसमिती असते, तिचा फोन पत्रकावर होता. त्या समितीत डॉक्टर नसलेली साधी माणसंही असतात, हे मला तेव्हा कळलं. मुलीने अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर, सीटीआरआयवर, अभ्यासाचा क्रमांक टाकून पाहिला. नोंद होती. माझं म्हणणं आहे की कुणीही सही करण्यापूर्वी एवढं करावंच.

शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलं होतं. भरपाईचा हिशेब करायची वेळ आली तर लागतं म्हणून. नॉमिनी म्हणून तिचं नाव लिहिलं तेव्हा ही खिडकीबाहेर बघत बसली. शेजारच्या टेबलावर शिवडीच्या एक आजी होत्या, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार बसवला होता, एकेक परिच्छेद वाचून "आजी, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारत होते, आणि कॅमेऱ्यावर ते सगळं नोंदवत होते. आजींनी अंगठा उठवायला पाऊण दिवस घेतला. कुणी घाई केली नाही, हे मी स्वतः पाहिलं. सही झालेल्या पत्रकाची एक प्रत माझ्याजवळ आहे.

सही केली म्हणजे प्रवेश मिळाला असं नसतं. रक्त, लघवी, ईसीजी, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून डोळ्यांचे फोटो काढले; मिनिटभर मळमळलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी गडद पिवळी झाली, तेवढंच. पहिल्या दिवशी ब्लड प्रेशर मर्यादेबाहेर निघालं. सकाळच्या गर्दीत उभ्याने आलो होतो, जिना चढलो होतो. आठवड्याने परत बोलावलं. या वेळी दुपारच्या गाडीने गेलो, अर्धा तास शांत बसवलं, मग मोजलं आणि नियमात बसलो.

अक्षरांच्या तक्त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. आमच्या मेडिकलला सहा मीटरवरचा तक्ता, वर एक भलंमोठं अक्षर, खाली वाढत जाणारी गर्दी. हा तक्ता वेगळा. चार मीटरवर, मागून ठरावीक उजेड, प्रत्येक ओळीत बरोबर पाच अक्षरं. सगळ्या तक्त्यात मिळून दहाच अक्षरं फिरवलेली: सी, डी, एच, के, एन, ओ, आर, एस, व्ही, झेड. ही दहा ओळखायला साधारण सारखीच अवघड असतात म्हणून निवडलेली. उजव्या डोळ्याला एक तक्ता, डाव्याला दुसरा. प्रत्येक ओळखलेल्या अक्षराला एक गुण. चार मीटरवरून वीस किंवा जास्त जमली की त्यात तीस मिळवतात. ८५ म्हणजे आपली नेहमीची सहा-बाय-सहा. पंधरा अक्षरांनी वाढलं तर ती मोठी सुधारणा मानतात, कारण तीन ओळी खाली जाणं म्हणजे निम्म्या आकाराचं अक्षर वाचता येणं.

तपासणारी मुलगी सावकाश म्हणायला सांगायची. "काका, घाई नको. एकदा सांगितलेलं शेवटचं. दिसत नसेल तर अंदाजाने सांगा, पण सांगा." बरोबर की चूक, हे चेहऱ्यावरही दाखवायची नाही. डाव्या डोळ्याने सत्तावीस जमली. सत्तावीस अधिक तीस, सत्तावन्न.

डोळ्यात सुई म्हटलं की माणसं घाबरतात, मीही घाबरलो होतो. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चुरचुरतं ते आयोडिनचं औषध, जंतू मारायला घालतात ते. बधिर करणारे थेंब, मग आयोडिन, चेहऱ्यावर हिरवं कापड, पापण्या उघड्या ठेवायला क्लिप. काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मोजून खूण करतात. "वर बघा, तसेच राहा," आणि दाब जाणवतो. औषध असतं फक्त ०.०५ मिलिलिटर. लगेच डोळ्यासमोर बोटं धरून विचारतात, किती? दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली तर मध्यरात्रीही फोन करा, असं दर वेळी बजावतात. आत जंतुसंसर्ग झाला तर डोळा जाऊ शकतो. तसं क्वचित होतं, पण झालं तर तासातासाला महत्त्व असतं. मला एकदा डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळलं, दहा दिवसांत गेलं. तेही नोंदवून ठेवलं.

टोचणाऱ्या डॉक्टरांना औषध कुठलं ते माहीत असायचं. अक्षरं मोजणाऱ्या मुलीला नाही, मॅडमना नाही, मला नाही. मी तिच्याशी इंजेक्शनबद्दल बोलायचंही नाही, असा नियम. काही वेळा टोचल्यावर काळे बुडबुडे तरंगताना दिसायचे, काही वेळा नाही. आज खरं की शॅम, याचे आडाखे मी मनाशी बांधत असे. मग कळलं की खऱ्या सुईनंतरही बुडबुडा दिसेलच असं नाही. आडाखे बांधणं सोडून दिलं.

दर चार आठवड्यांनी जायचं, ठरलेल्या तारखेच्या थोडं मागेपुढे चालतं. २०२२च्या जुलैत मलेरिया झाला, भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये चार दिवस ॲडमिट होतो. डोळ्याशी त्याचा काय संबंध, म्हणून मी कळवलं नाही. पुढच्या खेपेला सहज बोलता बोलता सांगितलं आणि समन्वयक मुलगी लिहिता लिहिता थांबली. ॲडमिट व्हावं लागलं की ती गंभीर घटना धरतात, कारण काहीही असो, आणि कळल्यापासून २४ तासांत त्यांना ती वर कळवावी लागते. "काका, संबंध आहे की नाही हे एका माणसावरून कळत नाही. शंभर जणांची नोंद एकत्र ठेवली तरच कळतं." ही औषधं टोचलेल्यांत हृदयविकार किंवा पक्षाघात वाढतो का, यावरही अशीच नजर ठेवतात. मी लपवलं नव्हतं, पण कळवलंही नव्हतं, आणि तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं. छोटी घटनाही आम्ही लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतो तिथे, लिहून देत होतो. डिस्चार्जचे कागद दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले. त्यानंतर शेजाऱ्यांनी दिलेले आयुर्वेदिक थेंबही घालण्याआधी फोन करून विचारले. नको म्हणाले, घातले नाहीत.

सहाव्या खेपेला बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ हळूच म्हणाले, "जरा कमी वाचत जा. सुधारलं दिसलं की औषध कमी करतील." त्यांच्या आवाजात भीती होती, त्यांना दोष देववत नाही. माझी ओढ उलटी होती. मॅडम इतकं करतात, ती मुलगी इतक्या शांतपणे बसते, त्यांना बरं वाटावं म्हणून दोन अक्षरं जास्त निघावीत असं मला वाटायचं. वरच्या दोन ओळी तर आता पाठच झाल्या होत्या.

खुर्चीत बसलो आणि कॅब आठवली. पावसात, समोर नुसता धूसर ठिपका असतो. रोजच्या सवयीने तिथे हिरवा असायला हवा असं मन सांगत असतं. तरी जे दिसतं तेच धरायचं, नाही दिसलं तर गाडी हळू करायची. मी त्या मुलीला म्हटलं, "पहिल्या दोन ओळी मला पाठ झाल्यात." तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "त्या तुम्हाला दिसतातच, काका. तुमची हद्द खाली आहे, तिथे पाठ केलेलं उपयोगी पडत नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत." मग नेहमीसारखं सुरू केलं. त्या दिवशी ६४ झाली. आधीच्या खेपेपेक्षा एक कमी. ओसीटीवरची सूज मात्र तीनशेच्या घरात आली होती. एखाददोन अक्षरांचा फरक धरायचा नसतो, असं मॅडमनी सांगितलं, तरी परतीच्या गाडीत मी गप्प होतो.

मला त्या गृहस्थांना सांगायचं होतं, ते बाहेर आल्यावर सांगितलंही: आपण कमी वाचलं तर चांगलं औषध निकामी ठरेल, जास्त वाचलं तर निकामी औषध चांगलं ठरेल, आणि ते टोचलं जाईल चिपळूणच्या एखाद्या माणसाला, ज्याला आपलं नावही माहीत नसेल. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "मी खरं वाचतो आता."

दोन वर्षं पुरी होईपर्यंत मी एकही खेप चुकवली नाही. एकदा सायन-कुर्ल्याच्या मधे रुळांवर पाणी भरलं, तेव्हा फोन करून दुसऱ्या दिवशी गेलो. २०२४च्या सुरुवातीला शेवटची खेप झाली. डाव्या डोळ्याने ७१. सत्तावन्नला चौदा मिळवले, पंधराला एक कमी. शेवटचं अक्षर ओ असेल किंवा सी. बराच वेळ बघितलं. कडा मिटलेली वाटली म्हणून ओ म्हणालो. तिने लिहिलं, मान वर केली नाही.

मला कुठलं औषध मिळालं ते अजून माहीत नाही. सगळ्या केंद्रांवरच्या सगळ्या रुग्णांची नोंद पुरी होऊन बंद झाली की कळवतील. आता नेहमीच्या ओपीडीत दर दोन महिन्यांनी दाखवतो, तेव्हापासून दोनदा इंजेक्शन घ्यावं लागलं. ग्रिलची सळई डाव्या डोळ्याला अजून किंचित झुकलेली दिसते, पण वर्तमानपत्र वाचतो.

दादाचा मुलगा आता बेचाळीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला डायबेटिस निघाला. दिसतंय की सगळं, काका, असं म्हणत तो टाळत होता. या शनिवारी येतोय. त्याला सांगितलंय, येताना काळा चष्मा आण आणि परतीची गाडी रात्रीची बघ, थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं नीट दिसत नाही. दुपारी जेवायला घरीच ये, काकू वाट बघतेय.